मामा कुठल्या गाडीत?

मी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे असं उदगीरमध्ये सांगितलं की लोक विचारतात, "मग पोहता येतं का?" येतं, थोडंफार. माझं खरं काम ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत उभं राहून बोलत राहण्याचं. समोर मासेमारीची होडी दिसली की मी मोठ्यानं सांगतो, सुकाणूवरचा खलाशी दिशा परत म्हणून दाखवतो, कॅप्टन "दिसली" म्हणतात. 'दुसऱ्याला दिसलंच असेल' असं धरून कुणी गप्प बसायचं नाही. सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच हवं. नव्या पोरांना मी हे शिकवतो. सुट्टीवर आलो की घरच्यांनाही.

मागच्या सुट्टीत मेहुणीचा साखरपुडा नांदेडला होता. दोन गाड्या निघाल्या. निघण्याआधी मी सगळ्यांना अंगणात उभं करून भाषण ठोकलं. "कोण कुठल्या गाडीत, हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. बदल झाला तर मोठ्यानं सांगायचं."

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते "हाव" म्हणाले. बायको म्हणाली, "हे जहाज न्हाई. बसा आता."

वाटेत चहाला थांबलो. माझ्या गाडीतले मामा जवळ येऊन म्हणाले, "आता मी त्या गाडीत बसतो. पाय लांब करता येतात." मी मान हलवली आणि फोनवर कुणाशी तरी बोलत राहिलो. मामा टपरीमागं लघवीला गेले. त्या गाडीला वाटलं, ते माझ्याकडं आहेत. मला वाटलं, ते तिकडं आहेत. दोन्ही गाड्या सुटल्या.

बऱ्याच वेळानं मागच्या सीटवर मामांचा मोबाइल वाजला. पुढच्या गाडीतून सासूबाई विचारत होत्या, "गोळी घेतली का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "बाबा कुठंयत?"

मी गाडी वळवली. साखरपुड्याला नवरीचा बापच नाही, या विचारानं मी वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. मामा टपरीच्या बाकड्यावर आरामात पाय लांब करून बसले होते. मला बघताच चहावाल्याला म्हणाले, "हे आमचे जावई. जहाज चालवतात."

"समुद्रात?"

"हाव. तिथं चहाला थांबत न्हाईत, बरं हाय."

नांदेडला उशीर झालाच. मुलाकडच्यांनी कारण विचारलं तेव्हा मामांनी सगळं खराब रस्त्यावर ढकललं. मीही रस्त्याला चार शिव्या दिल्या. परतताना कोण कुठं बसणार हे सासूबाईंनी ठरवलं. मला बुंदीच्या डब्यांशेजारी मागं बसवलं, आणि गाडी मेहुणीनं चालवली.