व्हिटॅमिनच्या डबीतले तीन महिने

आमच्या घरात खोटं बोलणं पाप, पण आजाऱ्याशी खोटं बोलणं म्हणजे संस्कार. बाबांना कॅन्सर झालाय आणि तोही शेवटच्या टप्प्यावर, हे मनमाडच्या आत्याला कळलं, तिच्या सुनेच्या माहेरी कळलं, विंचूरच्या मामांनी तर फोन करून पपईच्या पानांचा रसही सुचवला. कळलं नाही ते फक्त बाबांना. त्यांना आम्ही "आतड्याला सूज आहे" असं सांगितलं. सूज! किती गोड शब्द.

डॉक्टर भला माणूस. नवी गोळी आलीय म्हणाले, रोज एक. आजार बरा होणार नाही, पण साधारण तीन महिने वाढतील. पगार वाढतो तसे. "किंमत थोडी जास्त आहे" हेही त्यांनीच सांगितलं. थोडी! माझा आणि दादाचा पगार एकत्र केला तरी महिनाभराच्या गोळ्या येईनात. वाढलेल्या तीन महिन्यांत बाबा काय करू शकतील, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर "बापापेक्षा पैसा मोठा झाला का गं?" म्हणायला नातेवाईक टपलेलेच. दादाने मुकाट्याने आडगावकडचा प्लॉट विकायला काढला; पैसे हातात येईपर्यंत दोन महिने गेले.

मग दादाची अक्कल चालली. बाबा पेपरातली टेंडर नोटीससुद्धा भिंग लावून वाचणारे, ते गोळ्यांचं पाकीट सोडतील होय? म्हणून दादाने सगळ्या गोळ्या सोलून व्हिटॅमिनच्या जुन्या डबीत भरल्या. "ताकदीच्या गोळ्या आहेत, बाबा." बाबा खूश.

इतके खूश की डबी घेऊन कट्ट्यावर गेले. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या मंदिरामागे नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, बाबा धरून चौघे, रोज सकाळी बसतात. बाबांचा स्वभाव असा की शेंगदाणासुद्धा एकट्याने खाणार नाहीत. तिघा मित्रांना तीन दिवस रोज एकेक गोळी दिली, प्रसादासारखी. चौथ्या दिवशी त्या तिघांतल्या एकाची बायको, शेजारच्या काकू, तणतणत घरी आल्या. "काय बाई तुमचं व्हिटॅमिन! आमच्या ह्यांना रात्रीपासून जुलाब थांबेनात!" आणि काकांनी न घेता ठेवलेली एक गोळी त्यांनी माझ्या हातावर आपटली.

मी गोळी ओळखली आणि माझं डोकंच फिरलं. आधी काकूंना म्हटलं, काकांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. त्या गेल्या तशी बाबांवर ओरडले, "अहो, एका गोळीला किती हजार पडतात माहितीये का तुम्हाला?"

झालं. दोन महिने सांभाळलेलं गुपित माझ्याच तोंडाने फोडलं. बाबा खुर्चीत बसले. "व्हिटॅमिनला हजार?"

मग सगळं सांगितलं. रडत रडत, कसंबसं.  शेवटी बाबांनी एवढंच विचारलं, "ह्या गोळीने बरा होईन?"

"नाही. तीन महिने जास्त मिळतील."

"कुठले तीन? हे आत्ताचे?"

"नाही बाबा. शेवटी वाढतात ते."

"शेवटी." बाबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पडून काढायचे ते प्लॉट विकून आणलेत. आणि मी चालत-फिरत होतो, ते दोन महिने मला न सांगता घालवलेत."

शाळेत पंचेचाळीस पोरांना गप्प करणारी मी, डबी उघडून काकूंनी आणलेली गोळी परत आत टाकत बसले. 

तेवढ्यात दादाचा फोन आला. काकूंनी त्यालाही कळवलं होतं. किती गोळ्या उरल्यात, म्हणून तो विचारत होता. बाबांनी हात पुढे केला. फोनसाठी असेल म्हणून मी फोन दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"डबी दे," म्हणाले. "घ्यायची की नाही, ते आता मी ठरवणार."