विलायती गाडीचं माहेर

आमची आत्या जुनी मोटार बघायला गेली की आधी मोटारीकडे बघायचीच नाही. मागच्या दाराने थेट विकणाऱ्याच्या स्वयंपाकघरात जायची, पाणी मागायची आणि त्या घरच्या बाईला विचारायची, "गाडी जानार, तर तुमाला कसं वाटतंय?" श्रीगोंद्याकडे ऊस करणारी विधवा बाई ती. बैलसुद्धा असेच घ्यायची. म्हणायची, "दातावरून बैलाचं वय कळतं. पर तो का इकत्यात, ते बाईच्या तोंडावर दिसतं."

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, म्हणून जुनी घ्यायची. तिची एकुलती लेक कमल पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि दवाखाना नगरला. दारात गाडी हवी, एवढंच तिच्या मनात. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, विलायती गाडीचा भारी सोस. आत्या म्हणे, "भाऊ, गाडी सुनेसारकी बघावी. माहेर जवळ पायजे. दुखलं-खुपलं तर कोन तरी धावून येतं. विलायतीचं माहेर समुद्रापल्याड."

एका घरची बाई म्हणाली, "जाऊ द्या, बला टळंल." आत्याने पाणी संपवलं आणि उठली. दुसरी गाडी नगरात, विलायती, गर्द हिरवी. तिथली बाई प्रश्न ऐकून उठली. बाहेर येऊन पदराने बॉनेट पुसलं आणि तिचे डोळे भरून आले. झालं, आत्या विरघळली. "जिच्यासाठी बाई रडती, ती गाडी खोटी नसती," म्हणाली आणि स्वतःचंच माहेराचं बोलणं विसरली.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी वडील गाडी चालवत होते. नगरच्या अर्ध्या वाटेवर आत काहीतरी मोडलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. एसटी मिळून दवाखाना गाठेपर्यंत कमल गेली होती. बाळही.

आत्या त्यावर एकदाच बोलली. "ती बाई गाडीसाठी रडत नव्हती, भाऊ. कशापायी रडती, ते मी इचारलंच न्हाई."

मोडलेला भाग नगरात नाही, पुण्यात नाही. मुंबईहून कधीतरी आला, गाडी पळायला लागली, विकायला काढली, गिऱ्हाइकं यायला लागली. वडील बजावत, "अक्का, तू तेवढी गप बस." पण ती प्रत्येकाला आत बोलवायची, चहा द्यायची आणि कोणी न विचारता सगळं सांगायची. राहात्याचा एकजण हसून म्हणाला, "मावशी, गाडी इकताय का गिऱ्हाईक पळवताय?"

"पळवतेच हाय," आत्या म्हणाली. "तुमच्या घरात बी लेक आसंल."

गाडी अंगणातच राहिली. टायर बसले, रंग उडाला. आत्या गेल्यावर भंगारवाला न्यायला आला, तेव्हा माझा हात आपसूक पुढे झाला आणि मी पदराने बॉनेट पुसलं.

"लई जीव हुता वाटतं गाडीवर?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं आणि आत गेले.