मंदाची बाई दोन्हीकडे नीट चालते

हो, हसली मी. आज सकाळी, मंदाच्या वर्षश्राद्धात, गुरुजींच्या समोर.

कोणी विचारलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर होतंच. मोठी जाऊ असून हसून राहिली म्हणून. तर एकदाच सांगते. फोनमध्ये बोलून टाइप करून राहिली, चुका काढू नका.

मंदा माझी धाकटी जाऊ. तीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही.

तिचं मॅटीवरचं भरतकाम आमच्या अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्यात माहीत. कापडावरचे चौकोन मोजायचे अन् एकेक टाका घालायचा. मोर, बदकं, तुळशीवृंदावन.

मग केमो सुरू झाली. बोटं बधिर. सुई हातातून पडून जायची अन् हिला पत्ता नाही.

एक दिवस दोऱ्यांचे सगळे डबे माझ्यासमोर आणून ठेवले.
"ताई, ठेवा तुम्ही. माझं झालं."
"मी काय करू याचं? लोणचं घालू?"

हसली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

तिची पोरगी ऋतू. सत्तावीस वर्षांची घोडी, घरूनच ऑफिस करते, बाकी वेळ गेम. मी लय बोलायची तिला.

ती अन् तिचे दोस्त मॉड बनवून राहिले होते. म्हणजे दुसऱ्याच्या तयार गेममध्ये आपली माणसं, आपली घरं घालायची. यांचं नर्मदाकाठचं गाव होतं. त्यातल्या एवढ्याशा माणसाला स्प्राइट म्हणतात.

मंदा मागे उभी राहून पाहून राहिली. स्क्रीनवर चौकोनच चौकोन, एकेक भरून माणूस करायचा.

"अगं, हे तर मॅटीचं काम आहे."
"पिक्सेल म्हणतात आई."
"म्हणू दे. सरक तिकडे."

माऊस धरता येत होता तिला.

पहिलं केलं ते मडकं. बटाटा दिसून राहिला होता, मी तसं सांगितलं पण. तिनं पुसलं. आठ दिवस तेच मडकं. मग एका बाजूनं फिका रंग घातला, दुसरीकडून गडद, अन् मडकं एकदम गोल झालं.

मी काही बोलली नाही. पण दिसलं मला.

मग बाई करायला घेतली. सोळा चौकोन रुंद, बत्तीस उंच. हिरवं लुगडं, लाल काठ, डाव्या खांद्यावर पदर. पदर म्हणजे किती? तीन चौकोन.

ऋतूनं चालवून दाखवली. मी चहा घेऊन उभी. डावीकडे चालली, छान. उजवीकडे वळली अन् मी म्हटलं, "मंदे, ही तर गुप्ता भाभी होऊन गेली!"

पदर उजव्या खांद्यावर. शेजारच्या गुप्ता भाभीसारखा, हिंदीवाल्यांचा सीधा पल्ला!

"गेम एकच बाजू घेतो मोठी आई," ऋतू म्हणाली. "दुसरी आरशासारखी उलटवून देतो. सगळे असंच करतात."

"करू दे सगळ्यांना," मंदा म्हणाली. "माझी बाई जाताना मराठी अन् येताना गुप्ता भाभी? नाही चालणार."

ग्रुपचा हेड इंदूरचा. त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आंटी, तीन पिक्सेल हैं. किसी को नहीं दिखेगा."
"मुझे दिखता है भैया. मेरी जेठानी को भी दिखा."
"एक के लिए पूरा सिस्टम बदलना पड़ेगा."
"तो मेरी औरत निकाल दो."

फोन ठेवून दिला.

माझं डोकं फिरलं. सुई गेल्यावर एक गोष्ट हाताला लागली होती, ती पण ही लाथाडून राहिली.
"तीन चौकोनांसाठी, मंदे?"
"ताई, दाखवलं कोणी?"



दुसऱ्या दिवशी पाहते तर बाईची उजवी बाजू काढून राहिली. कोणी घेणार नाही हे माहीत असून. पुढच्या केमोच्या आधी करायची म्हणे. दहा मिनिटं काम, वीस मिनिटं पडून राहायचं.

अन् मध्येच ऋतूला म्हणाली, "बाकीच्यांची माणसं दाखव."

घाटावरचे पंडितजी आले. डावीकडे चालले, ठीक. उजवीकडे वळले अन् जानवं उजव्या खांद्यावर!

मंदा म्हणाली, "त्या भैयाला लिही. तुमचे पंडितजी जाताना बरे जातात, येताना श्राद्धाला बसून जातात."

इंदूरहून मेसेज आला. "आंटी, दोनों साइड भेज दीजिए. और प्लीज़ बाकी सब भी एक बार देख लीजिए."

सिस्टम बदललं त्यांनी. सगळ्यांसाठी.

तर आज गुरुजी भाऊजींना म्हणाले, "जानवं उजव्या खांद्यावर घ्या," अन् मला ते पंडितजी दिसले. हसली मी. मंदा पण हसली असती.

पुढचं ऐका. त्या गावातली अकरा माणसं तिनं सुधारून घेतली. पोस्टमनची झोळी, दूधवाल्याची किटली, सगळं. शिकलेली पोरं विचारायची, "आंटी, ये ठीक है?" मंदा दहावी नापास. मी सातवी. समजलं?

मॉड निघालं तेव्हा ती पलंगावरच होती. ऋतूनं लॅपटॉप मांडीवर ठेवला. बाई डावीकडे गेली, उजवीकडे आली. पदर जिथल्या तिथे.

तीस वर्षांत मंदानं स्वतःच्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. एका टाक्यासाठी अख्खा मोर उसवून टाकायची. मी वाट पाहून राहिली, आता काय खोट काढते.

किती तरी वेळ पाहिलं तिनं. मग म्हणाली, "राहू द्या. यातलं काही उसवायचं नाही."

सहा आठवड्यांनी गेली.

गेममध्ये बनवणाऱ्यांची यादी आहे, त्यात तिचं नाव आहे. पूर्ण नाव. आंटी-बिंटी नाही.

मंदे, शाबास. तेव्हा म्हटलं नव्हतं.

बस. कमेंटमध्ये काही विचारू नका. यापुढे मी एक शब्द सांगणार नाही.