लॅबचं कुलूप काढल्यावर

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते ॲप्रनवरच्या डागांसारखे आपोआप जमतात, आणि धुऊन जात नाहीत. आकुर्डीच्या आमच्या शाळेतले हे काही.

*

मी रुजू झाले तेव्हा लॅबला कुलूप होतं. काच फुटेल या भीतीने सगळे प्रयोग फळ्यावर व्हायचे. निळा लिटमस खडूनेच लाल व्हायचा. हेडसरांच्या मागे लागून मी चावी मिळवली. पहिल्याच तासाला नववीतल्या एका मुलीच्या हातून परीक्षानळी सटकली. दारात नेमके हेडसर उभे.

त्यांनी काचांकडे पाहिलं. "चला, लॅब वापरात आली म्हणायची," म्हणाले आणि स्वतःच झाडू शोधायला गेले.

*

हळदीच्या कागदाला साबण लागला की तो लाल होतो, हे दाखवून मी मुलांना पट्ट्या घरी नेऊ दिल्या. दोन दिवसांनी ओंकारच्या आईचा फोन.

"मॅडम, हा आमटीत कागद बुडवल्याशिवाय जेवत नाही. सासूबाई चिडल्यात."

"मग काय झालं कागदाचं?"

"काहीच नाही, पिवळाच राहिला. आमसूल असतं ना त्यात," त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "खायच्या सोड्याने मात्र लाल होतो. मी करून बघितलं."

*

चाचणीत प्रश्न होता, उदासिनीकरण म्हणजे काय? एका मुलाने लिहिलं, 'मुंगी चावल्यावर आजी सोडा लावते ते.'

आमचे पाटील सर पेपर तपासत होते. "व्याख्या कुठाय?"

"सर, समजलंय त्याला. मुंगीचं आम्ल सोड्याने मारायचं."

"बोर्ड समज तपासत नाही, मॅडम."

खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गावरून जाताना सरांचा आवाज ऐकू आला, "समजा, तुम्हाला मुंगी चावली…"

*

पालकांसाठी लॅब खुली ठेवली त्या दिवशी सानिकाचे वडील आले. बीडकडचे, चाकणला धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला. फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले. दोन्ही हात खिशात.

वर्गात कधी तोंड न उघडणारी सानिका त्यांना बॅटरी, तांब्याची पट्टी आणि निळ्या द्रावणात बुडवलेला चमचा दाखवत होती. चमचा हळूहळू तांबूस झाला. तांबं पट्टीवरून सुटून चमच्यावर कसं बसतं, ते तिने सावकाश समजावलं.

"म्हंजे मी रोज हेच करतो?"

"हो पप्पा. तुमची टाकी मोठी असते, एवढंच."

त्यांनी एक हात खिशातून काढला आणि तिच्यापुढे धरला. बोटं पिवळी पडलेली, कातडी फाटलेली.

"मग हे कशानं होतं, सांग बरं."

सानिकाने तो हात खिडकीच्या उजेडात नेला, उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

"पप्पा, तुमच्या टाकीत नेमकं काय काय असतं?"

ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.