रबडीच्या अर्ध्या गोळ्या

नाव: लक्ष्मण सदाशिव चारठाणकर. वय: अडुसष्ट वर्षे पूर्ण. हुद्दा: निवृत्त कार्यालय अधीक्षक. राहणार: गारखेडा परिसर, तळमजला. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर ओरखडे, ताजे. अवलंबून व्यक्ती: निरंक. (मांजर एक. नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही.)

रबडी मुळात लक्ष्मणरावांच्या पत्नीची, दमयंतीबाईंची. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा मांजर बारा वर्षांची होती आणि तोवर तिनं लक्ष्मणरावांची दखल घेतलेली नव्हती. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले, तशी ती त्यांच्या पायांशी येऊन झोपली. मग रोजच झोपू लागली. घरी कोण कोण असतं असं कुणी विचारलं असतं, तर लक्ष्मणरावांनी "आम्ही दोघं" म्हणून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात रबडी अधाशासारखी खाऊ लागली आणि वाळू लागली. केर काढणाऱ्या भामाबाईंच्या ते आधी लक्षात आलं.

"काका, लई खायली ही, पण अंगाला कायच लागंना. घरातले उंदीर सरले, आता मांजर बी सरायली."

जनावरांच्या डॉक्टर तनुजाबाईंनी रबडीचा गळा चाचपला, रक्त तपासलं आणि थायरॉईड वाढल्याचं सांगितलं. त्यानं काळीज नुसतं धावत राहतं, खाल्लेलं जळून जातं. गोळी अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी.

"किती दिवसांचा कोर्स?"

"कोर्स नाही, काका. ती आहे तोवर."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी मुदत त्यांनी एकाही कागदावर पाहिली नव्हती.

घरी येऊन त्यांनी फाईल उघडली. 'विषय: रबडी, वजन कमी होणेबाबत.' दर रविवारी पिशवीत घालून काट्याला अडकवायचं आणि आकडा लिहायचा. दर एक तारखेला दाढीच्या ब्लेडनं महिन्याच्या साठ अर्ध्या गोळ्या कापून डबीत भरायच्या. सायीतून दिलेली गोळी रबडी स्वच्छ चाटून परत करायची. मग टॉवेलात गुंडाळून जबडा उघडावा लागे. त्या झटापटीनंतर ती दिवसभर कपाटावर बसे आणि पायांशी झोपणं तिनं बंद केलं. लक्ष्मणरावांना ओरखड्यांचं काही नव्हतं. पाय मात्र रिकामे वाटत.

वजन दोन किलो सहाशेवरून चार किलोवर यायला नोव्हेंबर उजाडला. चार तारखेला रविवारी काटा चारवर थांबला, तेव्हा भामाबाई दारातच होत्या.

"झाली की बरी. आता कशाला उगं कडू घालायलाव तिला?"

लक्ष्मणरावांनी संध्याकाळची गोळी दिली आणि टिपणी लिहिली: 'वजन पूर्ववत झाले. विषय संपुष्टात आल्याने प्रकरण नस्तीबंद.' खाली सही, तारीख.

आठवडाभरात रबडी कपाटावरून उतरली आणि पुन्हा पायांशी झोपू लागली. त्यांच्या ताटातलं खाऊ लागली, मागं मागं फिरू लागली. लक्ष्मणरावांना वाटलं, माफ केलं हिनं. मनगटावरचे ओरखडे भरून आले. काटा त्यांनी माळ्यावर ठेवून दिला होता, कारण बंद प्रकरणात वजन कसलं घ्यायचं?

एकोणतीस तारखेला ती तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. डॉक्टरांनी तिला उचललं आणि उचलल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"वजन भरलं होतं तिचं."

"गोळ्यांनीच भरलं होतं, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, दवाखान्यातच. लक्ष्मणराव रिकामी पिशवी घेऊन घरी आले. बंद प्रकरण पुन्हा उघडायचं तर नवी टिपणी लागते. त्यांनी लिहायला घेतलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर मांजरीबाबत आवश्यक ती सर्व कार्यवाही वेळेत'

डबीत बावन्न अर्ध्या गोळ्या होत्या.