मुलासाठी ठेवलेली तोफ

वालब्रॉनच्या लढाईत तोफेवरच्या गोलंदाज बार्नाबेचा उजवा हात गेला. त्याच विजयाबद्दल सम्राटाने त्याच्या सेनापतीला ‘वालब्रॉनचा ड्यूक’ केले. किताब पिढीजात होता, पण फक्त मुलाकडे जाणारा. म्हणून ड्यूकच्या गावात रिवाज पडला: गढीत मुलगा झाला तर लढाईतली तोफ डागायची, मुलगी झाली तर चर्चची घंटा वाजवायची.

अठरा वर्षे बार्नाबे ती तोफ एका हाताने पुसत होता. मरण्याआधी एकदा ती उडवावी, एवढीच त्याची इच्छा. घंटा मात्र चारदा वाजली.

पाववाला म्हणायचा, “बार्नाबेदादा, तोफेत कोंबडी बसवा. अंडी तरी मिळतील.”

ड्यूकच्या बायकोचे पाचवे बाळंतपण शेवटचेच, हे सगळ्यांना ठाऊक होते. बार्नाबेने सकाळीच दारू ठासून ठेवली. दुपारी म्हातारा ड्यूक स्वतः चालत आला.

“मुलगी झाली. दारू काढ. किताब माझ्याबरोबरच संपणार.”

बार्नाबे जागचा हलला नाही. “सरकार, वालब्रॉनलाही तुमचा हुकूम यायच्या आधीच मी बत्ती दिली होती. शत्रू पळाला तो त्यानेच.”

“माहीत आहे. इतकी वर्षं बोलला नाहीस कुठे.”

“आजही तुम्हालाच सांगतोय,” म्हणत त्याने पेटता पलिता उचलला.

ड्यूक तोफेपासून दोन पावले मागे सरला. मग त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.