दोन पेपरांमधली खोली

सातवीत असताना तिनं आत्याशी असा वाद घातला की आत्या रडायला लागली. तेव्हापासून घरात ती वकीलबाई. वडील कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचे. तीस वर्षं काळ्या कोटांना 'साहेब, साहेब' करून झालं होतं. आता एक काळा कोट घरातच हवा होता. विद्यापीठात कायदा आणि राज्यशास्त्र असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम निघाला. माहितीपत्रकातला पहिला शब्द वडिलांनी वाचला, दुसरा तिनं. दोघंही खूश!

पुढे दोन्ही विभागांनी तिला परकीच मानलं. शेवटी वेळापत्रकानंही डाव साधला. दोन्हींचा शेवटचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी. तोडगा असा निघाला, की तिनं राज्यशास्त्र सकाळी लिहायचं, कायदा दुपारी, आणि पेपर फुटू नये म्हणून मधले दोन तास एका खोलीत पर्यवेक्षक बाईंसमोर, फोनशिवाय बसायचं.

सकाळचा पेपर झकास गेला आणि तिथंच तिचा जीव कासावीस झाला. राज्यशास्त्राच्या सरांनी तिला एका पाहणीसाठी विचारलं होतं. वस्त्यावस्त्यांत हिंडायचं, माणसं मत द्यायला का जात नाहीत ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. तिला ते काम मनापासून हवं होतं. पण कायद्यात पास झाली, की वडिलांच्या ओळखीच्या वकिलांकडे रुजू व्हायचं ठरलेलं. शिंप्याकडे कोटाचं मापसुद्धा देऊन झालं होतं. हा एक पेपर बुडाला, तर मात्र पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने मोकळी.

"बाई, दाराला कुलूप आहे का हो?"

"कुलूप कशाला?" बाईंनी विणकामातून मान वर केली नाही. "जायचं तर खुशाल जा. दुपारचा पेपर गेला समजायचं."

ती उठली. तिनं दार उघडलं. समोर बाकावर वडील, मांडीवर पाण्याची बाटली. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसानं आज एक स्वतःसाठी लिहून तिथं बसायची परवानगी काढली होती.

"काय गं, काही हवंय?" ते ताडकन उठले.

"नाही बाबा. जरा उकडत होतं."

"मी आहे हं इथंच. कुठं जात नाही."

"हो," ती म्हणाली आणि तिनं आपल्या हातानं दार लावून घेतलं.

दुपारच्या पेपरात दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न होता: एक माणूस खोलीत बसला आहे. दाराला कुलूप नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याला डांबून ठेवलं आहे, असं म्हणता येईल का?

तिनं प्रश्न दोनदा वाचला. मग पुस्तकातलं उत्तर लिहिलं: नाही.

त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडले. कोटही अंगात अगदी बेतल्यासारखा बसला.